खिडकी सोडेपर्यंत

बाई गेल्याचे कळले, तेव्हा मी कॉलेजातल्या तिच्या टेबलावर होते. कारकून दारातच थांबून म्हणाला, "सर, घरून फोन होता. बाई सकाळी चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं." तिचे मार्गदर्शक सर शेजारच्याच टेबलावर होते. सगळे त्यांच्याभोवती जमले. मला कोणी काही विचारले नाही.

मित्रांनो, मी एक जुने, चावीचे स्टॉपवॉच आहे. न विचारताच सांगते.

माझी पहिली नोकरी साबणाच्या कारखान्यात. वड्या गुंडाळणाऱ्या माणसांच्या मागे साहेब मला घेऊन उभे राहत. "आले बघ, आपल्या घटका मोजायला!" अशी कुजबुज व्हायची. माझ्या आकड्यांवरून त्या माणसांची चहाची सुट्टी निम्मी झाली. साहेबांनी माझे फार कौतुक केले. त्या कौतुकाची मला अजून लाज वाटते. पुढे त्यांनी मला इंजिनिअरिंग कॉलेजला देऊन टाकले. तिथे चौदा वर्षे मी कपाटात पडून होते.

मला बाहेर काढले ते बाईने. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती औद्योगिक अभियांत्रिकीत पीएच.डी. करायला आली होती. विषय होता, दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीपुढची रांग. मोबाइल उगारला की लोकांना वाटते, आपला फोटो काढतात. म्हणून तिने मला घेतले. माणूस खिडकीशी आला की ती मला चालू करी आणि तो निघाला की बंद. तिने सोमवार ते शुक्रवारच्या हजार नोंदी घेतल्या. त्यांत नऊ नोंदी फार लांबल्या होत्या.

सर म्हणाले, "या नऊ काढून टाका. आहेत त्या दोन खिडक्या पुरतात असं दिसेल आणि आलेखही नीट येईल."

"सर, ती माणसं रांगेत उभी होती. त्यांना कसं काढू? त्यांच्यामुळेच तर मागची रांग तुंबते. तिसरी खिडकी लागणारच."

"या वयात एवढा हट्ट?"

"याच वयात परवडतो, सर."

आणि मग ती गेली. सर माणूस वाईट नाहीत. बाईला मरणोत्तर पदवी मिळावी म्हणून त्यांनी धावपळ केली. पण त्या नऊ नोंदी गाळून प्रबंध द्यायचा, असे ठरले. मला तिच्या फोटोखाली काचेच्या कपाटात ठेवायचे, हेही ठरले. तेवढ्यात तिचे सामान न्यायला तिचा नवरा आला. तो शिंपी, सातवीपर्यंत शिकलेला.

"सर, मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "पण आमची ही त्या नऊ माणसांसाठी तुमच्याशी भांडली. घरी येऊन माझ्याशीही भांडली, ते जाऊ द्या. तिचं नाव लावणार असाल तर ती नऊ माणसंही घ्या. नाहीतर नाव काढा."

सरांनी गाळलेल्या नऊ नोंदींचा कागद पुन्हा फायलीत लावला. मग म्हणाले, "ठीक आहे, घेतो. पण शनिवारच्या दोनशे नोंदी राहिल्यात. त्या कोण आणणार?"

"मी. शनिवारी दुकान बंद ठेवतो." त्याने मला उचलून खिशात टाकले.

खिडकीवरच्या औषधवाल्या ताईने विचारले, "शिंपीदादा, जमेल का तुम्हाला?"

"ताई, जन्मभर बटणं लावली. एक दाबायला काय होतंय!"

पण चुकला. औषध हातात पडले की तो मला बंद करायचा. अशा बासष्ट नोंदी झाल्या. घरी तिची वही उघडली, तर तिने लिहिले होते, 'खिडकी सोडेपर्यंत मोजणे. माणसे औषध हातात आल्यावरच विचारतात.' त्याने बासष्टच्या बासष्ट नोंदींवर काट मारली. "हिनं केवढं ऐकवलं असतं आज," असे म्हणून डोळे पुसले.

पुढच्या शनिवारी कमी ऐकू येणारे एक आजोबा आले. गोळी जेवणाआधी की नंतर, हे त्यांनी चारदा विचारले. मागून ओरडा झाला, "आजोबा, आटपा की!"

शिंपी मागे वळला. "विचारू द्या त्यांना. घड्याळ चालू आहे."

सहा मिनिटे, दहा सेकंद. एवढा वेळ मी कधीच इतक्या ताठ मानेने मोजला नव्हता.

मित्रांनो, मला जपा, असे मी म्हणणार नाही. मला काचेत ठेवू नका. रोज चावी द्या, हाताळा, माझी काच तडकली तर तडकू दे. पण माझ्या नावावर पुन्हा कोणाची सुट्टी कापू नका आणि जो हळू चालतो त्याला मोजणीतून हाकलू नका. कोणी तसे करायला लागला, तर त्याच्या तोंडावर नाही म्हणा. बाईने सरांना म्हटले होते, तसे.

आजवर शनिवारच्या एकशे अठरा नोंदी झाल्या आहेत. ब्याऐंशी बाकी आहेत. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण कोण लिहिणार, ते अजून ठरलेले नाही.