मास्तरांचा डावा पाय आणि मी

मित्रांनो, या. पण हात लावण्याआधी ते स्वच्छ आहेत का, ते मला पाहू द्या. मी एक जुनी स्प्रिंग आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही म्हणाल, लोखंडाच्या वेटोळ्याला एवढा कसला संशय? सारा जन्म माणसांच्या पायाशी काढला की समजते. तोंडाने माणूस गोड बोलतो, मनात नसले तरी हसतो. पायांना ते सोंग जमत नाही. आणि मी आयुष्यभर पायच पाहत आले, चेहरे मला तिथून कधी दिसलेच नाहीत.

मी मोटारीच्या क्लचच्या पेडलची स्प्रिंग. गाडी चालवणाऱ्याच्या डाव्या पायाशी जे पेडल असते ना, त्याच्या दांड्याला माझा खालचा आकडा अडकवलेला होता आणि वरचा आकडा डॅशबोर्डच्या पोटात, पत्र्याच्या एका भोकात. पायाने पेडल दाबले की मी ताणली जायचे आणि पाय सुटला की पेडलला ओढून जागेवर आणायचे. काम एवढेच, पण त्यात कसूर चालत नाही. पेडल नीट वर आले नाही तर इंजिन नुसता आरडाओरडा करते आणि गाडीला काही जोर लागत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका सरळसाध्या तारेला पिळून, वेटोळी घालून मला घडवले. मग एका बाईंनी मला यंत्रात अडकवून ताणले, सोडले आणि पुन्हा ताणले. माझ्या बरोबरच्या काही जणी त्यात सैल पडल्या, त्यांना सरळ भंगाराच्या पेटीत टाकले. मी अजून धड थंडही झाले नव्हते, तोच कुणीतरी माझ्यावर संशय घेत होते. मग मीही ठरवले, आपणही घ्यायचा.

मला ज्या गाडीत बसवले, ती गाडी शिकवायची गाडी होती. मालकांना सगळे मास्तर म्हणत. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती, आणि त्या अर्ध्या गावाचे पाय मी सोसले. एक शिंपीदादा यायचे, ते शिलाई मशीन चालवावी तसे पेडल खालीवर करत राहायचे. गाणे शिकवणाऱ्या एक बाई सिग्नलला उभ्या राहिल्या की माझ्यावर ठेका धरायच्या. एक जण तर "मला सगळं येतं, फक्त लायसन पाहिजे" असे म्हणत बसला आणि त्याचा पाय लटलट कापत होता. तेव्हापासून "मला सगळं येतं" असे कुणी म्हणाले की मी आकडे घट्ट आवळून घेत असे.

मास्तर शेजारी बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "अहो, क्लच सोडायचा असतो, फेकायचा नसतो! झोपलेल्या बाळाच्या अंगावरून हात काढता ना, तसा पाय काढा." मग ते स्वतः बसून दाखवत. पातळ तळव्याचे कापडी बूट घातलेला तो डावा पाय पेडलवर आला की मला लगेच ओळखू येई. माझी ओढ त्या तळव्याला कळायची. "ही स्प्रिंग माझ्याशी बोलते," ते शिकणाऱ्यांना सांगत. "कधी सोडायचं, ते तीच सांगते." एवढी स्तुती ऐकून दुसरी कुणी फुगली असती. मला मात्र वाटे, हा माणूस एवढे गोड का बोलतोय, याला माझ्याकडून काय हवे आहे?

पुढे मास्तर थकले, ड्रायव्हिंगची शाळा बंद झाली आणि गाडी घरी आली. आता शेजारच्या जागेवर त्यांच्या बायको बसू लागल्या. सगळे त्यांना काकू म्हणत. अर्धे गाव नवऱ्याकडून शिकले, पण काकू कधी शिकल्या नाहीत. "गाडीत तुम्ही हुकूम सोडा, घरात मी सोडते," असे त्यांचे म्हणणे. काकूंचा स्वभाव मला पहिल्या दिवसापासून पटला. भाजीवाल्याचा काटा, पेट्रोल पंपावरचा आकडा, मुलाचा फोन नेहमीपेक्षा लवकर संपला तर त्यामागचे कारण, कशावरही त्यांचा विश्वास नसे. आम्ही दोघी एकाच माळेचे मणी.

पण घरी आल्यापासून माझ्याकडे कुणी वाकून पाहिले नाही, मित्रांनो. गाडीला वरून रोज फडके मारले जाई, काच लखलखत असे, आणि खाली आकड्याला गंज चढत होता. ग्रीसचा एक ठिपकाही कुणाला सुचला नाही. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात, त्यातला प्रकार.

मग काहीतरी बिनसले. मास्तरांचा पाय पेडलवर आला तरी मला तो पहिल्यासारखा वाटेना. तो चाचपडे, पेडल शोधल्यासारखा करी, मधेच अडून राही. एकदा एका झाडाच्या सावलीत त्यांनी गाडी थांबवली, बूट काढला, मोजा काढला आणि अंगठ्याच्या नखाने तळव्याला टोचून पाहू लागले. पुन्हा पेडल दाबले. "काहीच लागत नाही पायाला," ते स्वतःशीच पुटपुटले. "दादाचंही असंच सुरू झालं होतं."

त्यांच्या थोरल्या भावाला मी ओळखत होते. साखरेच्या आजाराने आधी त्याचा तळवा बधिर झाला आणि मग पाय गेला. दवाखान्याच्या फेऱ्या याच गाडीतून झाल्या होत्या. म्हणजे आता मास्तरांची पाळी. मी मनाशी पक्के केले, दोष पायाचाच. त्याआधी पायाखालच्या रबरी मॅटवर संशय घेऊन झाला होता, एका उंदरावरही झाला होता. शेजारच्या ब्रेकवर तर माझा कधीच भरवसा नव्हता. सगळ्यांना धुऊन काढले आणि शेवटी पायावर येऊन थांबले.

मास्तरांनी घरात ताकास तूर लागू दिली नाही. पण काकूंना वास आलाच. "अहो, अंगणात अनवाणी काय फिरताय सकाळपासून? आणि ते खडे कशाला तुडवताय?"

"व्यायाम."

"जन्मात कधी केला नाही तो?"

"आता केला तर बिघडलं कुठे?"

काकू गप्प बसल्या. त्यांचे गप्प बसणे म्हणजे संशय पक्का झाल्याची खूण.

आणि मग तो चढ आला. बाजाराकडे जाताना एक उभा चढ लागतो, तिथे मास्तरांनी शेकडो जणांना गाडी मागे न सरकवता पुढे काढायला शिकवले होते. त्या दिवशी तिथे इंजिन ओरडत राहिले आणि गाडी मात्र मागे सरकली. मागे कुंड्या विकणाऱ्याची हातगाडी होती. कुंड्या फुटल्या, माणसांना काही झाले नाही. कुंडीवाला धावत आला आणि खिडकीत वाकून चकित झाला. "मास्तर, तुम्ही? अहो, हा चढ मला तुम्हीच शिकवलात ना!"

त्याने हे रागाने म्हटले असते तर बरे झाले असते.

बातमी मुलापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रविवारी तो आला तो गॅरेजवाल्याला सोबत घेऊनच. पँटच्या मागच्या खिशात कायम पाना, म्हणून गाव त्याला पानाच म्हणे. तोही मास्तरांचाच शिष्य. पानाने गाडी बघायची आणि ती विकायला गिऱ्हाईक लावून द्यायचे, असे दोघांचे आधीच ठरले होते. दार उघडेच होते, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते.

"क्लचप्लेट जळत आली असणार," पाना बाहेर उभ्या उभ्याच म्हणाला. "पाय क्लचवर ठेवूनच चालवत असतील. वय झालं की पाय जड होतो, काय करणार?"

"बाबा, आता पुरे," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज मवाळ होता. "उद्या कुंड्यांच्या जागी कुणाचं लेकरू असलं तर? तुम्हाला स्वतःलाच सहन होणार नाही."

मास्तरांनी वाद घातला नाही. "मला कळलंय रे. पायाला काही लागतच नाही माझ्या." त्यांनी खिशातून किल्ली काढली. ज्या माणसाने शेकडो हातांत किल्ली दिली, त्याला ती आपल्या मुलाच्या हातात देववत नव्हती. मला फक्त बूट दिसत होते, आणि तो डावा बूट जमिनीवर घट्ट रोवलेला होता.

"थांबा," काकू म्हणाल्या. "कुठला पाय म्हणालात?"

"डावा."

"तो बधिर झालाय? अहो, काल झोपेत त्याच पायाने अशी लाथ हाणलीत की मी पलंगाच्या काठाला गेले! उठून पांघरूण ओढलं तर तळव्याला माझं बोट लागलं म्हणून गुदगुल्या झाल्या तुम्हाला, हसलात झोपेत. बधिर पाय हसतो का?"

"अगं, तू यात पडू नकोस."

"का नको पडू? मला काहीतरी काळंबेरं दिसतंय यात. सरका बाजूला."

आणि मित्रांनो, जन्मात कधी न बसलेल्या काकू ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. चप्पल काढली. एक लहानसा, टाचेला भेगा पडलेला पाय माझ्या पेडलवर आला. अनोळखी पाय. मी सवयीप्रमाणे संशयाने आकडे आवळू गेले आणि तेव्हा मला कळले, माझा खालचा आकडा आवळलाच जात नव्हता.

काकूंनी पेडल दाबले आणि पाय उचलला. मी सगळा जोर लावला. पेडल थोडे वर आले आणि लोंबकळत राहिले. मला ते आणखी ओढवेना.

"काकू, पाय काढा ना आता," पाना म्हणाला.

"काढलाय की! बघ, हवेत आहे. खाली काही लागत नाही, नुसतं लुळं लुळं." काकूंनी मान वळवली. "काय हो, माझाही पाय गेला म्हणायचा का?"

पाना जमिनीवर उताणा झाला, डोके आत घातले आणि बॅटरीचा उजेड माझ्यावर पडला. गाडी घरी आल्यापासून प्रथमच कुणीतरी माझ्याकडे पाहत होते. माझा आकडा झिजून तारेसारखा बारीक झाला होता आणि उघडून पेडलच्या टोकाला कसाबसा टेकला होता. वेटोळ्यांमध्ये ओढ उरली नव्हती. पानाने बोटाने तो आकडा हलवून पाहिला आणि म्हणाला, "मास्तर, मी आधी वाकायला हवं होतं. पाय नाही गेला. स्प्रिंग गेली."

गेली म्हणे! अहो, मी तिथेच होते, ऐकत होते. मला राग आला आणि त्याच्या मागोमाग रडू आले. मी म्हातारी झाले होते, एवढेच. पण माझे म्हातारपण सगळ्यांनी मास्तरांच्या पायात पाहिले, आणि त्या सगळ्यांत मीही होते.

पाना गॅरेजमधून नवी स्प्रिंग घेऊन आला. पकडीने त्याने माझे आकडे सोडवले. नवीचा वरचा आकडा भोकात घातला, खालच्या आकड्यात दोरीचा फास अडकवला आणि ओढून तो पेडलच्या दांड्यावर बसवला. दोन्हीकडे ग्रीस लावले. नवी चकचकीत होती, नाकाने कांदे सोलणारी. ती किती दिवस टिकते ते पाहूच.

मला त्याने डॅशबोर्डवर ठेवले. मास्तर आत बसले. त्यांनी पेडल दाबले, झोपलेल्या बाळाच्या अंगावरून हात काढावा तसा पाय काढला, आणि पेडल त्या पायाला लागून वर आले. तेव्हा मी पहिल्यांदा मास्तरांचा चेहरा पाहिला. डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. इतकी वर्षे मी म्हणत आले की चेहरे खोटे बोलतात. हा बोलत नव्हता.

"लागतंय," ते म्हणाले. "अगं, लागतंय पायाला!"

"लागणारच," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. "तरी उद्या डॉक्टरांना तळवा दाखवायचा. माझा डॉक्टरांवरही विश्वास नाही, पण दाखवायचा."

मुलाने किल्ली घेतली नाही. तो मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसला आणि मास्तरांनी गाडी थेट त्या चढावर नेली. गाडी तसूभर मागे सरकली नाही.

तर मित्रांनो, माझे एक ऐका. तुमच्या घरी कुणा वडीलधाऱ्याचा हात चुकला, पाय चुकला, तर त्यांना निकालात काढण्याआधी जरा वाकून खाली बघा. संशय घ्यायचाच तर आधी लोखंडावर घ्या. लोखंडाला वाईट वाटत नाही. खरे तर वाटते, पण आम्ही ते कुणाला सांगत नाही. आणि सहा महिन्यांतून एकदा ग्रीसचा ठिपका लावलात तर तेवढेही वाटणार नाही.

मला काकूंनी भंगारात जाऊ दिले नाही. पानाने माझी झिजलेली टोके कापून नवे आकडे वळवून दिले आणि आता मी अंगणाच्या फाटकाला आहे. फाटक हलके आहे, तेवढे मला अजून ओढवते. तुम्ही आत आलात तेव्हा ते तुमच्या मागे आपोआप लागले ना? ती मीच. तुमचे सगळ्यांचे पाय मी पाहून ठेवले आहेत.

काल मास्तर बाजारातून आले. दोन्ही हातांत पिशव्या होत्या, म्हणून त्यांनी डाव्या पायाने फाटक लोटले. मी सवयीने परत ओढले. ते तसेच थांबले, तळवा फाटकाला लावून.

"बोलतेस होय अजून?" ते म्हणाले.