मंडळाची घरभेट

खालच्या मजल्यावरच्या सुमतीचा सोफा आमच्या दारातून आत जाईना. आडवा करून झाला, उभा करून झाला, त्याचा एक पायही काढून बघितला. आमचे हे जिन्यात घामाघूम, सुमतीचा नवरा खालून ढकलतोय, आणि मी दारात कमरेवर हात ठेवून विचारतेय, की येणारी माणसं मुलीच्या कॉलेजला मदत करायची की नाही ते ठरवायला येतायत, मुलगी बघायला नाही. मग हा लग्नघराचा थाट कशाला?

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दार बिजागरीतून उचला म्हणाले, आणि खरोखरच दार उचलून भिंतीला टेकवून ठेवलं. सोफा आत गेला आणि आमची खोली संपली.

ठाण्याजवळ दिव्यात आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. चौथा मजला, लिफ्ट नाही. ह्यांचं नाव धाकू. मंडळात, गावात सगळे त्याच नावाने हाक मारतात. मी आपली 'अहो'वर भागवते. घोडबंदर रोडला उंच टॉवरांची एक सोसायटी आहे, तिथे हे पंप चालवतात. तिसाव्या मजल्यावरच्या माणसाने नळ सोडला की पाणी यायलाच हवं, ही ह्यांची नोकरी. आणि घरी आमच्या नळाला दोन-दोन दिवस नुसती हवा येते. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आम्ही ड्रमच्या तळाशी वाटी खरवडत असतो. मी मानपाड्याच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला जाते. अक्षदा आमची एकुलती एक. बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि नर्सिंगच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. आता प्रश्न फीचा होता. पुढच्या बुधवारपर्यंत फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला, असं कॉलेजने स्पष्ट सांगून टाकलेलं.

आधार होता तो मंडळाचा. आमच्या वाडीतली जी माणसं ठाणे-कल्याण-डोंबिवलीत पोटापाण्याला आली, त्यांचं हे मंडळ. दरवर्षी वाडीतल्या बारावी झालेल्या हुशार आणि गरजू मुलांना पुढच्या शिक्षणाला शिष्यवृत्ती देतं. अध्यक्ष चाळके सर, निवृत्त मुख्याध्यापक. दाखले काय, कसेही मिळतात, घर खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून अर्ज आला की ते स्वतः घरी येऊन बघतात. त्याला मंडळात घरभेट म्हणतात.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? आहे ते घर आहे तसं दाखवेल. पण आमचे हे चाकरमानी पडले ना! गणपतीला गावी जायचं तर महिनाभर ओव्हरटाइम करतील, पण वाडीतल्या प्रत्येक घरात मिठाईचा बॉक्स गेलाच पाहिजे. शिमग्याला पालखी अंगणात आली की ह्यांचा हात खिशात आधी. गावात विचारलं, धाकू, कसं चाललंय, की उत्तर ठरलेलं, एकदम झकास. वीस वर्षं ज्या माणसांपुढे झकास म्हणत आले, त्याच माणसांनी घरी येऊन गरज बघायची. ह्यांच्या छातीवर केवढा दगड होता, ते मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणून तर जास्त राग येत होता.

घरभेटीला चाळके सर आले आणि बरोबर नाथा. नाथा आमच्याच वाडीचा, मंडळाच्या कमिटीत. ह्यांच्याबरोबर गुरं राखलेला, पण तोंडाचा फाटका. त्याला कळलं म्हणजे गावाला कळलं.

त्या दिवशीही नळ कोरडा होता. आमचे ड्रम सकाळीच सुमतीकडे पोचते झाले होते. चहा तिच्या बोनचायनाच्या कपांत, काजूकतली तिच्या काचेच्या डिशमध्ये. आणि पाहुण्यांना ड्रमच्या तळचं पाणी कसं द्यायचं, म्हणून ह्यांनी खालून पाण्याच्या सीलबंद बाटल्या आणल्या, प्रत्येकाला एक. मोठ्या हॉटेलात ठेवतात तशा त्या मांडल्या. नाथाने बाटली हातात फिरवून बघितली आणि म्हणाला, वा, धाकूशेठ!

सर सोफ्यावर बसले. चांगला माणूस. आवाज चढवून बोलणं नाही, की कपाटाकडे डोळे लावून बसणं नाही. अक्षदाला विषय विचारले, नर्सिंगच का ते विचारलं. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, दिव्यात पाण्याचे फार हाल आहेत असं ऐकतो.

"छे हो सर," हे म्हणाले. "आपल्याकडं चोवीस तास पाणी."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातातला चमचा ह्यांच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं. अक्षदाने मान खाली घातली. सरांनी आणखी एकदा वाट करून दिली. काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांग, आपण एका गावची माणसं आहोत, म्हणाले. आणि हे हसून म्हणाले, देवाच्या कृपेने काही कमी नाही. मग अर्ज कशासाठी, असं सरांनी हळूच विचारलं, तर म्हणे मंडळाचा आशीर्वाद म्हणून.

आशीर्वाद! पाहुणे जिना उतरले तशी मी बोलायला सुरुवात केली ती सोफा परत जाईपर्यंत थांबले नाही. ह्यांनी दार परत बिजागरीत बसवलं आणि ते नीट लागतंय का, हे उगाच पुन्हा पुन्हा उघडून-मिटून बघत राहिले.

गुरुवारी नाथाचा फोन आला. ह्यांचं अभिनंदन करायला. म्हणे, सरांना तुझं घर बघून इतका आनंद झाला. आपल्या वाडीतला पोरगा रिकाम्या हाताने आला आणि बघा कुठे पोचला. तेव्हा शिष्यवृत्ती जास्त गरज असलेल्यांना देतोय, तुला वाईट वाटणार नाहीच, आणि रविवारच्या कार्यक्रमात ती तुझ्याच हस्ते द्यायची असं ठरलंय. शाल-श्रीफळ पण आहे.

तेव्हापासून घरात कुणी धड बसलं नाही. हे आले की गॅलरीत जात, गॅलरीतून आत येत, पुन्हा गॅलरीत. माझं कंपनीत लक्ष लागेना. एकाच खोक्याला दोनदा पट्टी मारली आणि सुपरवायझरचं ऐकून घेतलं. मी ह्यांना म्हटलं, सरांना फोन लावा, नाहीतर मी लावते. तर म्हणाले, "शीला, तू फोन केलास ना, तर मी गावात परत पाय ठेवणार नाही." मग फी कुठून आणायची ते सांगा, म्हटलं. पुन्हा गॅलरी.

शेवटी अक्षदाच म्हणाली, "आई, सोड ना आता. मी येते तुझ्याबरोबर पॅकिंगला. पुढच्या वर्षी बघू."

ह्या पोरीने माझा दमा सांभाळला, शेजारच्या म्हातारीला इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सचं बघून बघून तिची बॅग भरायला शिकली, आणि आता माझ्या शेजारी उभी राहून खोक्यांना पट्ट्या मारणार? मी म्हटलं, तुझ्या बाबांना सांग की, मला याच वर्षी शिकायचंय म्हणून. तर म्हणाली, त्यांचं तोंड उतरलेलं मला नाही बघवणार. बापावर गेलीये. दोघं मिळून मला मारणार एक दिवस.

रविवारी डोंबिवलीत शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. हे दरवर्षी सगळ्यांच्या आधी जाऊन खुर्च्या लावतात. त्या दिवशीही लावायला गेले, तर पोरांनी हातातून खुर्ची काढून घेतली. आज तुम्ही स्टेजवर, धाकूकाका. ह्यांना स्टेजवर बसता येईना. शालीचं टोक सावरत होते, पाय मागे घेत होते, पुढे टाकत होते. मी तिसऱ्या ओळीतून बघत होते आणि मला राग यायचा तो येतच होता, पण त्यात रडूही मिसळायला लागलं होतं.

शिष्यवृत्तीचं पहिलं नाव सर्वेशचं होतं. त्याला वडील नाहीत, आई कल्याणला चार घरची कामं करते. ह्यांनी पाकीट त्याच्या हातात दिलं, पाठीवर हात फिरवला. हसले. ते हसू खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन. आणखी दोघांना दिलं. मग गुणगौरव सुरू झाला. म्हणजे चांगले मार्क मिळवलेल्या सगळ्यांना एकेक ट्रॉफी, आणि आमच्या मंडळाची पद्धत अशी की ट्रॉफी घेतल्यावर मुलाने माइकवर सांगायचं, पुढे काय करणार. कुणी इंजिनिअर म्हणालं, कुणी सीए म्हणालं. टाळ्या पडत होत्या.

अक्षदा गेली. सरांनी माइक तिच्यासमोर धरला. तिने एकदा बापाकडे बघितलं.

"अजून काही ठरवलं नाहीये," ती म्हणाली. "एखादं वर्ष गॅप घेईन म्हणते. घाई काय आहे?"

आणि हसली. अगदी ह्यांच्यासारखी हसली. एकदम झकास म्हणताना हे हसतात ना, तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे खुर्चीवरून उठले. त्यांचं नाव कुणी पुकारलं नव्हतं. मला वाटलं बाहेर निघाले. पण ते माइकपाशी आले, शाल काढून हातावर घेतली, आणि सरांच्या हातातून माइक घेतला.

"पोरगी खोटं बोलली," हे म्हणाले. "माझ्याकडनं शिकली. तिचा नर्सिंगला नंबर लागलाय. बुधवारपर्यंत फी भरायचीय. ती माझ्याकडं नाही."

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. नाथा अर्धवट उठला आणि परत बसला.

"सर, तुम्ही घरी आलेलात, तेव्हा सोफा शेजारचा होता. कप पण. नळाला पाणी नव्हतं. तुम्हाला चोवीस तास सांगितलं." त्यांनी खाकरून घसा मोकळा केला. "मला गावात लाज वाटली असती म्हणून केलं. आता ज्यांना पाकीट दिलं त्यांचं काढून मला देऊ नका. ते बरोबरच दिलंय. पण मी इथे शाल घेऊन बसायच्या लायकीचा नाही. तेवढं सांगायचं होतं."

शाल त्यांनी घडी करून टेबलावर ठेवली. नीट, कडेला कड जुळवून.

चाळके सर मग म्हणाले की जादा एक शिष्यवृत्ती देण्याचा अधिकार कमिटीला आहे, पण नियम सगळ्यांना सारखा. घर बघितल्याशिवाय देता येणार नाही. उद्या संध्याकाळी ते पुन्हा येतील, एकटे. चालेल का?

हे मान हलवून निघाले होते. दोन पावलं जाऊन परत फिरले आणि माइकमध्ये वाकून म्हणाले,

"या. पण सर, येताना प्यायचं पाणी घेऊन या. आमच्याकडं नाही."

मागच्या ओळीत दोघं-तिघं हसले. त्यांना वाटलं, गंमत केली. मी हसले नाही. ज्या घरात दारात आलेल्या माणसाला आधी पाणी आणि मग नाव-गाव विचारायचं, असं शिकवलेलं, त्या घरचा हा माणूस. त्याला ते एक वाक्य बोलायला किती जड गेलं असेल, हे त्या हॉलमध्ये बायकोला कळलं आणि बहुतेक सरांना कळलं.

कार्यक्रम संपल्यावर हे खुर्च्या उचलायला लागले. पोरं म्हणाली, राहू द्या काका. त्यावर म्हणाले, का, मला काय धाड भरलीय? आणि पाच-पाच खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी नेत राहिले. नाथा थोडा वेळ लांबूनच बघत होता. मग तोही उचलायला लागला.

सोमवारी सर चार मजले चढून आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. हातात पाण्याची बाटली होती. दारातच आमचे ड्रम, त्यांच्यावर उपडे घातलेले हंडे. सरांना अंग चोरून आत यावं लागलं. सोफा नव्हता. ते कॉटवर बसले. सुमतीने दोनदा डोकावून खुणेने कप हवेत का विचारलं, मी डोळे वटारले.

मी पुढे होणार, तेवढ्यात ह्यांनीच सरांच्या हातातली बाटली घेतली. आत गेले. गावाहून आणलेला तांब्या फळीवर होता, तो फडक्याने पुसला, बाटलीचं सील तोडून पाणी त्यात ओतलं. तांब्यातून पेल्यात ओतलं. बशीत गुळाचा खडा ठेवला. आणि बाहेर येऊन, थोडं वाकून, पेला सरांपुढे धरला.

"घ्या सर. पाणी घ्या."

सरांनी स्वतःच आणलेलं ते पाणी दोन्ही हातांनी घेतलं. गुळाचा खडा तोंडात टाकला, पेला पुरता रिकामा केला, आणि अक्षदाला कॉटवर शेजारी जागा करून देत म्हणाले, "हं धाकू. आता सांग."