चहापर्यंत न उठलेला नर

मी सांगलीच्या एका औषधशास्त्र कॉलेजातला पांढरा उंदीर बोलतोय. जन्म पिंजऱ्यातला, पण घराणे मोठे. माझ्या बापजाद्यांची नोंद कॉलेजात जपून ठेवली आहे. आपल्या पणजोबांचे नाव न आठवणारे प्राध्यापक ती अदबीने वाचतात.

आम्हा उंदरांत गुंगीचे औषध टोचले की नर लवकर उठतात, माद्या बराच वेळ झोपतात. औषध फोडणारी विकरे नराच्या यकृतात वेगळी असतात. आम्ही नर याला मर्दुमकी समजतो. प्रयोगशाळेचा घड्याळापेक्षा चहावर भरवसा. चहा यायच्या आत नर उठायचे, कप विसळून झाले की माद्या.

इथे संशोधन करणाऱ्या ऋचाचे म्हणणे वेगळे. "यकृताला नर-मादी काही कळत नाही. डोक्यातली ग्रंथी वाढीचं संप्रेरक नरात थांबून थांबून सोडते, मादीत सतत झिरपवते. त्या तालावर यकृतातली जनुकं चालू-बंद होतात."

तिचे मार्गदर्शक मानसिंग सर म्हणाले, "आज दिसलं नाही, तर विषय बदलायचा."

ऋचाचे म्हणणे पडताळायला माझ्या पाठीवर, कातडीखाली, इवलासा पंप बसवला होता. त्यातून संप्रेरक आठवडाभर, माद्यांत झिरपते तसे, न थांबता झिरपले. मग आज गुंगीची सुई.

पुढचे ऐकीव आहे. चहा आला, मी आडवाच. पिंजऱ्यांची देखभाल करणारे पलूसचे धनाजीमामा मेलेल्या उंदरांची पिवळी पिशवी घेऊन आले आणि मला आत टाकले.

"गेलं बिचारं."

"मामा, थांबा! श्वास चाललाय त्याचा."

"आवं ताई, चा निवला. नर हाय न्हवं ह्यो? कवाच उठाय पायजे हुता."

"नाही उठला, हेच तर हवं होतं!"

सरांनी विचारले, "शेजारचा नर?"

"त्याच्या पंपात नुसतं मिठाचं पाणी, सर. तो केव्हाचा खातोय."

मामांनी मला पिशवीतून काढून तळहातावर घेतले. "लय झोपलास की रं गड्या! माझी बायकू बी एवढी झोपत न्हाई."

"तिला तुम्ही झोपू देता का?" ऋचा म्हणाली. मामा एकदम पिंजरे पुसायला लागले.

मी माद्यांच्या बरोबरीने उठलो. सर म्हणाले, "विषय राहू दे. उद्या याचं यकृत काढून जनुकं तपासा."

आमच्यात निवृत्ती अशीच मिळते. उत्तर काय येणार, याची मला खात्री आहे. ते माझ्याच पोटात आहे.

एक विनंती. निष्कर्षात मला बायकी म्हणू नका. मी नरच आहे. माझ्या यकृताने वरून हुकूम जसा आला तसा, कुरकुर न करता पाळला. एवढे तुमच्या कुठल्याही कचेरीत घडले असेल, तर खुशाल हसा.