अप्पाजी बाहेर पडत नाहीत

वेदश्रीने मराठी मंडळाच्या वेबसाइटवर 'बाहेर पडा' असं एक बटण ठेवलं होतं आणि अप्पाजी ते दाबायला काही केल्या तयार नव्हते.

"मी अध्यक्ष आहे गं," ते म्हणाले. "मला बाहेर कुठं काढायलीस?"

"तसं नाही अप्पाजी. काम झालं की आपलं नाव बंद करून निघायचं. दुकानाचं शटर ओढतात तसं."

"शटर मी ओढत नाही. माणूस ओढतो."

हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या त्या घाऊक कापडाच्या दुकानात, लुगड्यांच्या गठ्ठ्यांच्या मधोमध, अप्पाजींचा संगणक नवरदेवासारखा बसवला होता. २००७ साल. पेठेत संगणक असणं हीच मोठी गोष्ट, त्यावर आपल्या मंडळाची वेबसाइट दिसणं म्हणजे तर विचारूच नका. अप्पाजी येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ती दाखवत. उघडली की सगळ्यात वर ते स्वतः, फेटा बांधलेले, आणि त्याखाली मंडळाचं नाव.

आता खरी गोष्ट अशी की हे पान जगात फक्त अप्पाजींनाच दिसत होतं.

हा सगळा उद्योग वेदश्रीचा. ती जुन्या हुबळीत राहायची आणि घराच्या मधल्या खोलीत बसून वेबसाइटी बनवायची. आईने मिक्सर लावला की संगणक बंद पडायचा. वडिलांकडे आलेली माणसं वाकून बघायची आणि "गेम का?" म्हणून विचारायची. अशा घरी गिऱ्हाईक कोण येणार? वडिलांनी तिला गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली होती. तोवर कुठे धड बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर त्यांनी एका पतपेढीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवलेली कारकुनी.

बस्तानाची जागा तिने मनाशी हेरून ठेवली होती. देशपांडे नगरात मंडळाची इमारत आहे. तिच्या पुढच्या अंगाला रस्त्यावर उघडणारी एक शटरची खोली, जिच्यात मोडक्या खुर्च्या आणि गणपतीच्या आराशीचं सामान सोडून काही नव्हतं. ती मागायला गेली तेव्हा अप्पाजींनी अट घातली. मंडळाची वेबसाइट कर, पाडव्याच्या सभेत ती एकमताने मंजूर होऊ दे, खोली तुझी.

एकमताने! त्या मंडळात चहात साखर किती यावरही कधी एकमत झालेलं नव्हतं. आणि त्याला कारण दोन माणसं. हुबळीचे अप्पाजी अध्यक्ष, तर धारवाडचे प्रभंजन वकील कार्याध्यक्ष. पूर्वी दोन गावांची दोन मंडळं होती, ती एक झाली. आणि पाटीवर आधी हुबळी लिहायचं की धारवाड, यावरून हे दोघे जे बिनसले ते आजतागायत. सभेत एकमेकांशी बोलायचे ते सुद्धा तिसऱ्याकडे बघून. अप्पाजींच्या मते धारवाडची माणसं नुसती बोलतात. वकिलांच्या मते हुबळीची माणसं नुसती मोजतात. मला विचाराल तर दोघांचंही फारसं चुकत नव्हतं.

वेदश्री वेबसाइटी बनवायची त्या जूमला नावाच्या चिजेवर. सगळा सांगाडा आयता मिळायचा. जगभरातल्या माणसांनी मिळून केलेला, कुणाच्या मालकीचा नसलेला, आणि आतला शब्द न् शब्द आपल्याला हवा तसा बदलता येणारा. मंडळासाठी तिने तो सबंध मराठीत केला होता.

"मालकच नाही?" अप्पाजींनी विचारलं होतं. "मग बिघडलं तर भांडायचं कुणाशी?"

"माझ्याशी."

"मग चालंल."

तिने हौसेने दोघांनाही आत शिरायला नाव आणि परवलीचा शब्द दिला. इथेच घोडं पेंड खायला लागलं. सकाळी अप्पाजी मुखपृष्ठावर स्वतःचा फोटो वर चढवायचे. दुपारी धारवाडहून वकीलसाहेब तो खाली ढकलून स्वतःचा, काळ्या कोटातला, वर आणायचे. संध्याकाळी फेटा, सकाळी कोट. आठवडाभर हे चाललं आणि वेदश्रीच्या नाकी नऊ आले. दोघांचेही फोन तिलाच. शेवटी ती इतकी वैतागली की तिला एक पाजी कल्पना सुचली.

जूमलात आत शिरलेला माणूस कोण आहे हे कळतं. मग ज्याला त्याला ज्याचं त्याचं पान दाखवायला काय हरकत आहे? अप्पाजी आत शिरले की फेटा वर. वकील शिरले की कोट वर. दोघांच्या संगणकांवर तिने 'मला लक्षात ठेव' या चौकोनात खूणही करून दिली, म्हणजे रोज नव्याने शिरायची कटकट नको. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद झाले. समोरच्याने माघार घेतली असं दोघांनाही वाटलं, आणि दोघेही खूश.

धोका एकच होता, बाहेर पडण्याचा. बाहेर पडलं की सर्वसामान्य जनतेचं पान दिसणार. पण तिने सुरुवातीला कितीही शिकवलं तरी अप्पाजी ते बटण दाबेनात, आणि प्रभंजन वकिलांनी तर फोनवरच सुनावलं होतं, "वेदा, मी अजून राजीनामा दिलेला नाही. मी बाहेर का पडू?" आता वेदश्रीला तेच बरं वाटलं आणि तिने समजावणं सोडून दिलं.

आता राहिलं जनतेचं पान. त्यावर काय ठेवायचं हे विचारायला ती अप्पाजींच्या घरी गेली, पण अप्पाजींना नव्हे. त्यांच्या बायकोला, इंदुमतीकाकूंना. काकू शेंगा निवडत होत्या. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, पदर तोंडाला लावून पोटभर हसल्या आणि आतून एक जुना फोटो घेऊन आल्या.

"हे घाल," त्या म्हणाल्या. "पण त्या दोघांस्नी एवढ्यात दाखवू नको बाई."

दोन मंडळं एक झाली त्या दिवशीच्या पंगतीचा फोटो होता. केळीच्या पानावर प्रभंजन वकील बसलेले, डोक्यावर रानासारखे केस, दोन्ही हात पानावर आडवे धरलेले. आणि समोर उकिडवे बसलेले तरणेताठे अप्पाजी एका हाताने त्यांची हनुवटी धरून दुसऱ्या हाताने जिलेबी कोंबत होते. दोघांची तोंडं हसून वेडीवाकडी झाली होती. वेदश्री त्या फोटोकडे बघतच राहिली. या दोघांना असं हसताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तिला उगाच भरून आलं.

फोटो चढला आणि हुबळी-धारवाडात मंडळाची वेबसाइट एकदम गाजली. पुण्याला गेलेली पोरं आईबापांना फोन करून सांगायला लागली. पेठेत लोक अप्पाजींना थांबवून म्हणत, "अप्पाजी, फोटो भारी हं तुमचा!" अप्पाजी फेट्याच्या विचाराने फुलून जात. "ते फेटा मिरजेचं आहे," ते म्हणत. समोरचा गोंधळून मान हलवी. धारवाडात कोर्टाबाहेर कुणीतरी वकिलांना म्हणालं, "प्रभंजनराव, किती गोड दिसता हो!" गोड हा शब्द वकिलांना जरा खटकला, पण त्यांनी तो कोटाच्या खाती जमा केला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी वेदश्री सभेची तयारी करायला मंडळात आली. काकू तिथेच फराळाचं बघत होत्या. त्या संगणकाच्या पडद्याशी आल्या आणि त्यांनी नाक मुरडलं.

"'बाहेर पडा' काय गं हे? सणासुदीला कुणी असं म्हणतंय का? आपल्यात जातो सुद्धा म्हणत नाहीत. 'येतो' लिही."

खरंच होतं. मराठी माणूस निघताना 'येतो' म्हणतो. कानडी माणूसही 'बर्तेन्री' म्हणतो, म्हणजे येतोच. हुबळीत घर सोडून जाणारा प्रत्येक माणूस येतच असतो. वेदश्रीला आपलीच लाज वाटली. तिने तिथल्या तिथे शब्दांची फाइल उघडली, 'बाहेर पडा' खोडून 'येतो' लिहिलं आणि ती विसरून गेली. कामाच्या धांदलीत माणूस आपल्याच पायावर कधी धोंडा मारून घेईल सांगता येत नाही.

सभेचा तिचा बेत पक्का होता. प्रोजेक्टरवरून मुखपृष्ठ भिंतीवर दाखवायचंच नाही. ते कसं आहे हे दोघांनाही आपापल्या परीने माहीत आहेच! आतली पानं दाखवायची, सण, वधूवर, सभासद, आणि टाळ्या पडल्या की हात वर करून घ्यायचे.

सभा भरली. पुढच्या रांगेत या टोकाला अप्पाजी, त्या टोकाला वकील. संगणक अध्यक्षांनीच चालवावा असं ठरलं. वेदश्रीने त्यांच्या नावाने शिरून सणांचं पान आधीच उघडून ठेवलं होतं. अप्पाजींनी माऊस असा धरला जणू तो पळून जाणार आहे. सण झाले. वधूवर झाले, तिथे बायकांनी बराच वेळ पुढे जाऊच दिलं नाही. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. वेदश्रीला तर शटरवर लावायच्या पाटीचा रंगही दिसायला लागला.

"आता कार्याध्यक्षांनी बसावं," मागून कुणीतरी म्हणालं.

अप्पाजी उठले. माणूस हट्टी असला तरी रीतीभातीचा. खुर्ची सोडताना त्यांची नजर पडद्यावरच्या 'येतो'वर गेली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हां, हे छलो केलीस," ते म्हणाले, आणि सभेला हात जोडून, "येतो हं," असं म्हणत त्यांनी बटण दाबलं.

भिंतभर जिलेबी आली.

सभा खदखदून हसली. सगळ्यांनी पाहिलेला फोटो, पण एवढा मोठा कुणी पाहिला नव्हता. वेदश्रीची मात्र पाचावर धारण बसली. शटर, पाटी, पाटीचा रंग सगळं एका क्षणात धुतलं गेलं आणि पतपेढीतलं टेबल तिला स्पष्ट दिसायला लागलं. तिने काकूंकडे पाहिलं. काकू अगदी मन लावून कोसंबरीत लिंबू पिळत होत्या.

"हे काय आहे?" अप्पाजींनी विचारलं.

"अप्पाजी, तुमचा फोटो की!" मागून आवाज आला. "महिनाभर बघायलोय आम्ही!"

प्रभंजन वकील जागेवरून उठले. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि भिंतीच्या इतके जवळ गेले की जिलेबी त्यांच्या टकलावर उमटली.

"हे पान मला का दिसत नव्हतं?" त्यांनी विचारलं. आवाज उलटतपासणीचा होता.

खोटं बोलण्यात आता काही अर्थ नव्हता. "वकीलकाका, तुम्ही आत होता," वेदश्री म्हणाली. "आत असलेल्याला त्याचंच पान दिसायचं. मीच तसं केलं होतं. तुम्ही दोघं सोडून सगळ्यांना हेच दिसतंय."

अप्पाजी माऊस हातात धरून उभेच होते.

"त्या रात्री मला वैद्य बोलवावा लागला होता," वकील भिंतीकडे बघत म्हणाले. "या माणसाच्या आग्रहापायी."

"वैद्य कुणी आणला?" अप्पाजी म्हणाले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते थेट वकिलांकडे बघून बोलत होते. "धारवाडभर सायकल मारत मीच फिरत होतो की रे, प्रभ्या."

वकिलांनी घसा खाकरला. दोनदा खाकरला. "अध्यक्षमहाराज, या पानाला माझी एक हरकत आहे."

वेदश्रीने डोळे मिटले.

"फोटोत माझे डोळे मिटलेत."

"जिलेबी खाताना मिटतातच!" अप्पाजी गरजले. "हरकत फेटाळली. हात वर करा सगळ्यांनी!"

सगळ्यात आधी वर गेला तो काकूंचा हात, लिंबासकट. मग सगळ्यांचे. आणि त्या दोघांचे शेवटी, एकाच वेळी. खोलीची किल्ली अप्पाजींनी तिच्या हातात ठेवली तेव्हा तिला धड आभारही मानता आले नाहीत. ती रडत होती आणि कोसंबरी खात होती.

माणसं पांगल्यावर अप्पाजींनी तिला बाजूला घेतलं आणि इकडेतिकडे बघत हळूच सांगितलं, "वेदा, ते फेट्याचं पान काढू नको हं. माझ्यापुरतं राहू दे." ती जिन्यापाशी आली तर तिथे प्रभंजन वकील थांबलेले. "कोटाचं तेवढं असू दे," ते म्हणाले. "कुणाला त्रास नाही त्याचा."

तिने दोन्ही पानं ठेवली. नव्या खोलीत, मोडक्या खुर्च्या हलवून मांडलेल्या टेबलावर बसून, ती अधूनमधून मंडळाच्या वेबसाइटची देखभाल करायची. कोण शेवटचं कधी आत होतं हे जूमला सांगतं. अप्पाजींच्या आणि वकिलांच्या नावापुढे पाडव्याची तारीख होती, म्हणजे त्याच दिवशी घरी जाऊन दोघांनीही आपापल्या संगणकावर 'येतो' दाबलं होतं. पावसाळा आला तरी तीच होती. दिवाळीच्या सुमाराला तिने पुन्हा पाहिलं. दोघांपैकी एकही जण परत आत शिरला नव्हता.