खिडकीखालचा मोगरा

या सौद्यात उत्तमरावांना मिळणार होतं ते एवढंच: बायकोच्या, सीताबाईंच्या तोंडून एक 'बरं केलं'. एवढ्याशा नफ्यावर कोणी टपरीही टाकत नाही. पण ज्याला अख्ख्या संसारात ही चीज एकदाही मिळालेली नाही, त्याच्याजवळ तिचा भाव काढू नये.

"म्हंजे पाणी पार तोडाचं?" अंगणातल्या मोगऱ्याच्या रांगेसमोर या पायावरून त्या पायावर होत त्यांनी विचारलं.

"पार. थेंब नाई," प्रेमसिंग म्हणाला. "झाडाले वाटलं पायजे, का आता आपलं काही खरं नाई. मंग ते पानं टाकते. मंग मी कात्री घालतो, खत देतो, पाणी सोडतो. चैतात पाहा साहेब, फुलं तोडाले बाया लावा लागतीन."

"आन् नाई आले फुलं तर?"

"मोगरा म्हंजे नवरदेव हाय. उपाशी ठेवल्याबिगर घोड्यावर बसत नाई."

प्रेमसिंग तांड्यावरून सायकलवर येई आणि कारंज्यातल्या घरोघरच्या बागा छाटे. दसऱ्यानंतर गुलाब, पौषात मोगरा, थंडी ओसरली की जास्वंद. कात्रीला धार होती, जिभेला जास्त. कामाआधी चहा, कामानंतर चहा, आणि मधल्या वेळात जमलं तर काम.

उत्तमराव एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या खोलीत बसून त्यांनी साऱ्या मुलखाला गावोगाव पाठवलं, स्वतः कुठं गेले नाहीत. पहिल्या गाडीआधी घर सोडायचे, शेवटच्या गाडीनंतर परतायचे. मधला सगळा दिवस सीताबाईंचा आणि त्यांच्या झाडांचा. रिटायर होऊन घरी आले तेव्हा कुठली फांदी आपल्या बाजूची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मागच्या पावसाळ्यात सीताबाईंची उजवी बाजू अर्धांगानं गेली आणि अख्खी बाग उत्तमरावांच्या अंगावर पडली.

खाट खिडकीशी लावली. खिडकीच्या अगदी खाली रांगेतलं पहिलं झुडूप होतं. जऊळक्याहून, माहेरून, सीताबाईंनी ते ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं. आता त्यांचे शब्द जड झाले होते. दिवसाकाठी मोजके निघत, तेही कंजूष माणसाच्या खिशातून निघावेत तसे.

उत्तमरावांनी घर डेपोसारखं चालवायला घेतलं. अकोला गाडीच्या टायमाला गोळी, मानोरा गाडीच्या टायमाला अंग पुसणं. दर फेरीला स्टीलचा ग्लास भरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा, सीताबाईंच्या डाव्या हाताशी. पाय घरात ठरतच नसत. फाटकापर्यंत जायचं, रस्ता बघायचा, परत यायचं, ग्लास बघायचा. रिकामा! म्हणजे गाडी वेळेवर सुटली. गाडीत कोण बसलं, हे बघणं कंट्रोलरचं काम कधीच नव्हतं.

पौषात रांगेनं पानं टाकली. झुडपांच्या नुसत्या काड्या उरल्या. खिडकीखालचं तेवढं पोपटी हसत उभं.

"साहेब, याले चोरून पाणी कोन पाजून राह्यलं?" प्रेमसिंगनं कात्री खाली घेतली.

"मी? मी कायदा मोडत नाई!"

"मंग न्हाणीचा पाइप फुटला असंन."

पाइपापर्यंत खणलं. पाइप ठणठणीत होता. खणायचं दुखणं उत्तमरावांच्या कंबरेत आलं, निदानाचं श्रेय मात्र प्रेमसिंग सोडेना. "पाइप नाई, हे तं पक्कं झालं ना?" असं म्हणत त्यानं ते झुडूपही बाकीच्यांसारखंच गुडघ्याएवढं छाटलं आणि चहा मागितला.

उत्तमराव शेजारच्या भिंतीशी गेले. "भाभी, तुमच्या मोरीचं पाणी इकडं येते का?"

पलीकडून शाहजादीभाभींनी मान वर काढली. "भाऊ, आमच्या नळाले पाणी येत नाई, तुमच्या मोगऱ्याले कुठून पाठवू? भाभी कशी हाय?"

"टायमावर हाय समदं," उत्तमराव म्हणाले. विचारलं होतं वेगळंच, पण तोवर ते फाटकाकडे निघालेही होते.

पुण्याहून सुचिताचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, आईचे ओठ बघा किती फुटलेत."

"थंडी हाय बेटा."

थंडी गेली, ओठ तसेच राहिले. मग लघवीला जळजळ, अंगात ताप. डॉक्टरांनी जीभ पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. "पाणी पोटात जात नाहीये यांच्या."

उत्तमरावांना तो आपल्या नोकरीवरचा शेरा वाटला. "डॉक्टरसाहेब, मी सोता ग्लास भरतो. दर खेपेले रिकामा!" डॉक्टर सलाइन लावून गेले.

चैत्रात रांग फुलली. फाटकापासून न्हाणीपर्यंत पांढरं झालं. खिडकीखालच्या झुडपाला मात्र पालकासारखी पानं आणि कळी एक नाही. वास सारा फाटकाकडे जायचा, खाटेपर्यंत पोचायचा नाही. उत्तमरावांनी ओंजळभर फुलं तोडून उशाशी ठेवली आणि खाटेच्या कडेला उभे राहिले. हात मागे बांधून, हुकुमाची वाट बघत.

सीताबाईंनी फुलांकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

"त्याले... नाई आलं?"

झालं. एवढ्यासाठी पौषापासून घासलेली चप्पल. उत्तमरावांनी त्याच पावली प्रेमसिंगला फोन लावला.

"तू फसवलं मले!"

"मी काहून फसवू? रांग फुलली का नाई?"

"जे फुलाचं होतं ते नाई फुललं ना!"

"मी पह्यलेच बोललो, तुमच्या घरात पाण्याचा चोर हाय. चोर धरा, मंग माह्या नावानं बोंबला," प्रेमसिंग म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला.

दुपारची वेळ. ऊन अंगणात नुसतं टेकून बसलेलं. ग्लास भरून ठेवून उत्तमराव नेहमीप्रमाणे फाटकाकडे निघाले होते, पण रागानं मागे वळले आणि खिडकीखाली जाऊन बसले. झुडपाच्या बुडाशी बोट खुपसलं. माती ओली. वर तापलेली, आत गार आणि ओली.

तेवढ्यात त्यांच्या मानेवर पाण्याची धार आली.

त्यांनी वर पाहिलं. खिडकीच्या गजांतून एक वाळलेला डावा हात बाहेर आलेला. हातात स्टीलचा ग्लास. थेंब वाया जाऊ नये म्हणून हात अगदी हळू कलत होता.

"पी," आतून आवाज आला. पावसाळ्यापासून इतका मोकळा निघाला नव्हता. "पी वं माय. ते गेले फाटकाकडं."

उत्तमराव हलले नाहीत. ग्लास रिकामा होऊन आत जाईपर्यंत, डोक्यावरून पाणी निथळत, आयुष्यात पहिल्यांदा एका जागी थांबले.

मग ते आत गेले. सीताबाईंनी त्यांचे ओले केस पाहिले, कट्ट्यावरचा ग्लास पाहिला आणि चोरी पकडलेल्या पोरीसारखी नजर खाली घेतली.

"आपल्या वाट्याचं पाणी झाडाले घालते?" आवाज चढवायचा होता, चढला नाही. "आन् अजून पायजे तं मले मांगत काहून नाई?"

"तुमी... टाइम पाहून राह्यले असता."

"अवं, छाटाच्या आधी तेवढंच तोडते पाणी, मंग सोडते. प्रेमसिंग म्हणे..."

"आयकलं मी. खिडकी उघडी होती." पुढचे शब्द सीताबाईंनी एकेक करून ओढून आणले. "त्याले वाटलं पायजे म्हणे... का आता आपलं काही खरं नाई."

"हं."

"मले मालूम हाय... कसं वाटते ते."

स्टँडकडून गाडीचा हॉर्न आला. मानोरा असेल. उत्तमरावांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. ते आतून दोन ग्लास भरून घेऊन आले. एक पुढे केला, तर सीताबाईंनी ओठ मिटून घेतले आणि खिडकीकडे पाहिलं. मग उत्तमरावांनी गजांतून हात बाहेर काढला आणि एक ग्लास खाली ओतला. हळू, थेंब वाया न घालवता. ते पाहून झाल्यावरच सीताबाईंनी दुसऱ्याला तोंड लावलं. अर्धं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. उत्तमरावांनी ते धोतराच्या सोग्यानं टिपलं.

"बसा," सीताबाई म्हणाल्या.

ते खाटेच्या कडेवर बसले.

'बरं केलं' काही मिळालं नाही. प्रेमसिंगचं दोन्ही बाजूंनी फावलं. रांग फुलली ती त्याच्या हातानं, एक झुडूप फुललं नाही ते चोरामुळं, असं तो पुढं घरोघर चहा पीत सांगत राहिला. खिडकीखालच्या झुडपाला त्या साली एकही फूल आलं नाही, पण ते एक दिवसही तहानलेलं राहिलं नव्हतं. त्याची तहान ज्या ओठांनी भागवली, ते अजून फुटलेले होते.