साहेबांचं पत्र

वीस वर्षं दवाखान्यात औषधांच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि आमदार झाल्यापासून डॉक्टरसाहेब पत्रं लिहू लागले. फरक एवढाच, की दवाखान्यात जीभ बघितल्याशिवाय, छातीला नळी लावल्याशिवाय ते साधी गोळी देत नसत. पत्र मात्र तोंडही न बघता! सहायकानं 'सदर रुग्णास प्राधान्य द्यावे' असं टाइप करून आणायचं, साहेबांनी खाली सही ठोकायची. लोक खूश, साहेबही खूश. आणि आपण तरी कुठले साधुसंत? रांग दिसली की ओळखीचा माणूस शोधायचा, ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे.

त्या शनिवारी सकाळी साहेबांच्या कचेरीबाहेरच्या रांगेतून सिस्टर आत आल्या. साहेबांचा दवाखाना वीस वर्षं त्यांनीच सांभाळला होता.

"सिस्टर, तुम्ही रांगेत? थेट आत यायचं की हो!"

"नको साहेब. रांग मोडल्यानंच तर ही वेळ आलीय."

त्यांच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सगळे त्यांना हसून 'सिस्टरचे मिस्टर' म्हणत. मंगळवारी आणि शुक्रवारी सरकारी दवाखान्यात डायलिसिस, त्यावरच दोन वर्षं काढली होती. या मंगळवारी त्यांची जागा दुसऱ्याला दिली. कालही दिली नाही. आता सुजलेल्या पायावर बोट रुतत होतं, आडवं झालं की श्वास कोंडत होता.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" साहेबांनी पॅड पुढे ओढलं. "आत्ता पत्र देतो."

सिस्टरनी पॅडवर हात ठेवला.

"आता कुणाला उठवणार?"

"म्हणजे?"

"ह्यांच्या जागी जो बसलाय, त्याच्या फाइलला तुमचंच पत्र आहे. तुमची सही मला ओळखू येणार नाही होय?"

साहेबांनी पॅड सोडलं. "सिस्टर, मला काय ठाऊक कुणाची जागा जाणार ते!"

"ठाऊक करून घेतलंत का कधी? सहा मशीनं आहेत, त्यातली चार गेलं वर्षभर बंद. तुमच्या पत्रानं तिसरं मशीन सुरू होत नाही साहेब, फक्त खुर्चीतला माणूस बदलतो. ती चार का बंद आहेत, हे विधानसभेत विचारलंत एकदा तरी?"

नव्हतं विचारलं. पत्रांतून सवड कुठे होती?

"मग तुम्हाला माझ्याकडून हवंय तरी काय?" साहेब कळवळून म्हणाले.

"पेशंट दाखवायचाय. बाहेर बाकावर बसलाय. तुम्ही डॉक्टर आहात ना अजून?"

साहेब अनवाणीच बाहेर धावले. नळी हाताशी नव्हती, म्हणून मिस्टरांच्या पाठीला त्यांनी कान लावला. छातीत पाणी भरलं होतं! दोघांना गाडीत घालून त्यांनी सरकारी दवाखाना गाठला.

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "साहेब, पत्र आणलंय?"

"पेशंट आणलाय. तपासा, आणि तुम्हीच ठरवा."

बाईंनी तपासलं मात्र, त्यांचा चेहरा उतरला. चालू मशीनांवर दोन पेशंट होते. एकाचं डायलिसिस त्यांनी लगेच थांबवायला घेतलं. पण मशीन धुऊन पुन्हा लावायचं म्हणजे पाऊण तास! भिंतीशी चादरी पांघरलेली चार मशीनं उभी होती. साहेबांनी मिस्टरांचा हात धरला, तोंडावर ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, जे जे येत होतं ते सगळं केलं. मिस्टर सिस्टरकडे बघत धापा टाकत होते. मग बघत राहिले, धापा थांबल्या.

मशीन तयार व्हायला अजून दहा मिनिटं होती.

"मी मारलं त्यांना!" साहेब खाली बसून ढसाढसा रडले. सिस्टरनी त्यांना ना दोष दिला ना धीर. त्यांनी नवऱ्याचे डोळे मिटवले आणि चादर मागितली.

सोमवारी साहेबांनी रांगेला हात जोडले. "आजपासून पत्र नाही. ज्याचा आजार मोठा, त्याचा नंबर आधी. नंबर डॉक्टर ठरवतील, मी नाही."

"मग निवडून कशाला दिलं तुम्हाला?" कुणीतरी ओरडलं. अर्धी रांग शिव्या घालत उठून गेली. त्या अधिवेशनात साहेब चार मशीनांसाठी रोज उभे राहिले, टिंगल झाली तरी हटले नाहीत. चारपैकी तीन मशीनं सुरू झाली. पुढच्या निवडणुकीत साहेब सपाटून पडले. 'कामाचा माणूस नाही, साधं पत्र देत नाही,' असं लोक म्हणाले.

लोक म्हणजे कोण? तुम्ही आणि मीच की! वशिल्यानं मिळालेली जागा आभाळातून पडत नाही, ती कुणाच्या तरी बुडाखालून ओढलेली असते. तो माणूस आपल्याला दिसत नाही, एवढ्यावरच आपल्याला सुखाची झोप लागते!