वस्तादांचा खुराक

पावणं, तालमीच्या दारावरची ती बारीक भोकं बघताय न्हवं? वाळवी न्हाय लागलेली. बंदुकीच्या छऱ्यांची भोकं हाईत ती. मागं रंगारी आलता, लांबी भरून बुजवतो म्हणत होता, पोरांनी हात लावू दिला न्हाय. बसा कट्ट्यावर. म्हस पान्हा सोडूस्तवर सांगतो.

मी आक्का. खरं नाव रेशनकार्डावर हाय, ते तिथंच राहू दे. नवरा गेल्यापासनं ह्या कट्ट्याला म्हशी बांधतो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसासकट गिलास हातात देतो. तालमीच्या हौद्यात, कुस्तीच्या लाल मातीत, बाईमाणसानं पाय टाकायचा न्हाय, पर दारातनं मला सगळं दिसतंय. जे दिसत न्हाय ते लोक दूध पिता पिता सांगतात, न विचारता.

गोष्ट शहाण्णव सालची. तवा तालमीचे वस्ताद जोतीराम. उमेदीत त्यांची पाठ कुणी मातीला लावली न्हाय, असा गडी. पर म्हातारपणी उजवा हात कापाय लागला. बशी उचलली की निम्मा चहा धोतरावर. ज्या हातानं माणसं उचलून टाकली, त्या हाताला बशी पेलंना, ह्याची त्यांना लई लाज वाटायची. हात कोपरीच्या खिशात कोंबून बसायचे. मग डॉक्टरनं गोळ्या दिल्या. डाळीएवढी गोळी, मी सोता बघितलीया. डॉक्टरनं बजावलंतं, सांगितल्याच्या वर एक बी घ्यायची न्हाय, वाढवायची असली तर आधी मला विचारायचं.

गोळ्या आणायचा कृष्णात. हा गडमुडशिंगी गावचा, वस्तादांचा पठ्ठा. मिसरूड फुटायच्या आधी तालमीत आला आणि वस्तादांच्याच घरी जेवून पैलवान झाला. वस्तादांना आणि त्यांच्या बायकोला, तानाबाईला, पोरबाळ न्हाय, त्यामुळं हाच त्यांचा ल्योक म्हणा की. रोज सकाळी वस्तादांची थंडाई तोच घोटायचा. बदाम, खसखस, मिरी आणि माझ्या म्हशीचं दूध. त्यातच गोळ्या घोटून द्यायचा, कारण वस्तादांना गोळी गिळायची म्हटलं की ठसका लागायचा.

आणि काय सांगू, गणपतीच्या सुमाराला हात थांबला! एक दिवस वस्ताद लंगोट कसून हौद्यात उतरले आणि दांडग्या पोराला ढाक मारून असं उताणं केलं, की तालमीत कुणाला शिट्टी मारायचंबी सुचंना. म्हातारं उभं, छाती भरलेली, हात एकदम गप. मी दारात चरवी घेऊन उभा होतो. दूध सांडतंय ह्याचं भान न्हवतं मला. एवढ्याशा गोळीत एवढं बळ? डॉक्टर न्हाय, देवमाणूस हाय, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

नवरात्र बसलं आणि वस्तादांना मेलेली माणसं दिसाय लागली. एका सकाळी कट्ट्यावर आले आणि मला म्हणाले, आक्का, तुझ्या सासऱ्याला आधी दे, म्हातारा कवापासनं उभा हाय. माझा सासरा जाऊन किती वर्षं झालेली! पर वस्ताद त्या रिकाम्या जागंकडं बघून वळखीचं हसले. मी गिलास भरला आणि तिथं ठेवला. खोटं कशाला बोलू, ठेवून पायाबी पडलो.

गल्लीभर झालं. नवरात्रातच अंबाबाईनं वस्तादांचं डोळं उघडलं म्हणायला लागली माणसं. लोक नारळ घेऊन यायचे, आमचा बा दिसतोय काय, सुखात हाय काय, म्हणून विचारायचे. ज्याच्यावर देवीची किरपा झाली त्याला दवाखान्यात कोण नेतंय? डॉक्टरला सांगावं असं एकाच्या बी टकुऱ्यात आलं न्हाय, माझ्याबी न्हाय.

मग खंडेनवमी. शेतात उसात डुकरं शिरायची म्हणून वस्तादांकडं लायसनची बारा बोरची बंदूक होती. त्या दिवशी हत्यारं पुजायची रीत. तानाबाईनं बंदूक पुसून घरात देवापुढं ठेवलती, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून. वस्तादांनी ती कवा उचलली, कवा काडतूस भरून तालमीत आणली, कुणाला कळलंबी न्हाय. उजाडलं होतं. मी धार काढत होतो. कृष्णात थंडाईचा तांब्या घेऊन तालमीच्या दारात आला आणि धडाम्म आवाज झाला. म्हशीनं लाथ मारली, बादली गेली गटारीत.

पळत गेलो. कृष्णात उंबऱ्यात पडलेला, गुडघ्याचा पार चेंदामेंदा, थंडाई आणि रगात एकात एक. आत वस्ताद बंदूक धरून उभे. नळीला माळ तशीच. आणि हात? हात जरासुदिक हालत न्हवता. सगळ्यात जास्त भ्याव मला त्या हाताचं वाटलं. कसली रीत आणि कसलं काय, मी सरळ हौद्यात शिरलो, बंदूक हिसकून घेतली आणि शेणाच्या पाटीखाली घातली. वस्ताद हळूच म्हणाले, "आक्का, डुकरं गेली काय गं?"

पोलिसांनी वस्तादांना धरलं आणि आधी दवाखान्यात नेलं. वकील म्हणाला, औषधानं भास झाला, माणसाच्या जागी जनावर दिसलं. पेपरात तसं आलं आणि माझ्या कट्ट्यावर रोजची सभा भरायला लागली. सगळ्यात मोठं तोंड केरबाचं. तालमीच्या पंचांतला हा, उधारीवर दूध पिणार आणि रोखीत अक्कल शिकवणार. तो म्हणायचा, गोळ्या खाऊन गोळ्या घालतंय व्हय कोण? पंच कृष्णातला वस्ताद करणार होते, म्हाताऱ्याची गादी जाणार होती, म्हणून बार टाकला. डुकरं गेली काय म्हणे! येड्याचं सोंग नुसतं.

मी त्याला लई झापलं. म्हटलं, काल नारळ घेऊन पाया पडत होतास, तवा सोंग न्हवतं काय रं? पर लोकांना केरबाचं पटत होतं, त्याला कारणबी होतं. डॉक्टरनं पोलिसांना सांगितलंतं, मी दिल्या तेवढ्या गोळ्यांनी सहसा असं होत न्हाय. खोटं कशाला, एवढं ऐकल्यावर माझंबी मन डळमळलं. गादी म्हणजे गादी असती. माणूस कवा कसा फिरंल, कुणी सांगावं?

कृष्णात पोलिसांना एवढंच म्हणाला, मला काय आठवत न्हाय. तिकडं गोळ्या बंद झाल्यावर वस्ताद भानावर आले. हात पुन्हा कापाय लागला. कुणाला लागलं म्हणून विचारलं, तानाबाईनं सांगितलं, तसं जेवण टाकलं. तिनं पुढं पदर पसरला, तरी घास घेईनात. कट्ट्यावर येऊन मला म्हणाली, "आक्का, लोकांचं सोड गं. त्यांचं त्यांनाच वाटाय लागलंय, की मी गादीपायीच पोराला मारलं."

मला रडू फुटलं. वस्तादांचं आता जेलात जायचं न्हायतर उपाशी मरायचं, एवढंच राहिलं होतं.

पंचांनी तालमीत बैठक बोलावली. वस्तादांचा फोटो भिंतीवरनं उतरवायचा आणि कृष्णात बरा झाला की त्याला गादीवर बसवायचं, असं ठरवायला. पैलवानकी तर गुडघ्याबरोबर गेलीच होती, तवा त्याच्या पोटाला आधार तेवढाच. मी नेहमीगत दारात. केरबा फोटोखाली ठेवलेल्या स्टुलावर चढला आणि तेवढ्यात कृष्णात कुबड्या घेऊन आला.

हौद्याच्या काठाला थांबला. घाम पुसला. म्हणाला, "केरबाकाका, खाली उतरा. आधी माझं ऐका. डॉक्टरनं सांगितल्या त्याच्या दुप्पट गोळ्या मी थंडाईत घोटत होतो. वस्तादांना ठाऊक न्हवतं, काकींनाबी न्हाय. हात थांबला, तशा मी अजून वाढवल्या. खुराक वाढवला की ताकद वाढती, हितं हेच शिकलोय मी."

केरबानं स्टुलावरनंच विचारलं, हे कळल्यावर गादी तर जाईलच, पोलीस तुलाच धरतील, ठावं हाय काय?

"व्हय. ठाण्यात जबाब देऊनच आलोय," कृष्णात म्हणाला. "त्यांचा हात कापायला लागला की मला बघवायचं न्हाय. आता बघीन."

पावणं, ह्या दारातनं मी लई कुस्त्या बघितल्या. ढाक बघितली, कलाजंग बघितला, डोळ्याचं पातं लवायच्या आत आस्मान दाखवलेलं बघितलं. पर ज्यानं छरं खाल्लं तोच गडी कुबड्यांवर उभा राहून चूक माझी म्हणतोय, असं काय बघितलं न्हवतं. मी चप्पल काढून उभा राहिलो. का काढली ते मला आजबी सांगता येत न्हाय.

कोर्टात केस लई रेंगाळली. डॉक्टरनं नवा जबाब दिला, एवढ्या गोळ्यांनी असं होऊ शकतं म्हणाला. दोघांचीबी सुटका झाली, लायसन तेवढं गेलं. केरबाला अजून पटलेलं न्हाय. पोराला पढवलं म्हणतो. म्हणू दे. त्याचं दूध मी बंद केलंय.

पर मला सांगायचं ते जामिनाच्या दिवसाचं. वस्ताद दवाखान्यातनं सुटून सरळ तालमीत आले. हाडांचा सापळा झालता नुसता. कृष्णात भिंतीला टेकून बसलेला. उठायला गेला, उठता येईना, मान खाली घालून तसाच राहिला. वस्तादांनी वाकून हौद्यातली मूठभर माती उचलली. हात असा लटलट कापत होता, की त्याच्यापाशी पोचूस्तवर निम्मी माती वाटंत सांडली. उरली ती त्यांनी कृष्णातच्या मोडक्या गुडघ्याला लावली, मग त्याच्या कपाळाला.

म्हणाले, "उद्यापासनं पोरं तू बघायची. खुराक मी बघतो."

आणि बघितला की मरूस्तवर. रोज सकाळी खलबत्ता मांडीशी घेऊन बसायचे. हात कापायचा, बत्ता खलाच्या काठावर आपटायचा, बदाम उडून लांब जायचे. पोरं गोळा करून आणून द्यायची. थंडाईला लई उशीर व्हायचा, पोरं भुकेनं कासावीस व्हायची. पर वस्तादांच्या हातातनं बत्ता कुणी काढून घेतला न्हाय. कृष्णात समोर बसून तो हात बघत राहायचा.

घ्या, म्हशीनं पान्हा सोडला. गिलास धरा.